श्रावणातलं मॉडेल

परीक्षा अकराला, आणि पावणेअकराला जयवंतच्या मॉडेलचा फोन आला. "दादा, सासूबाई म्हणतात श्रावणात केसांना कात्री लावायची नाही. मी नाही येत रे." मॉडेल म्हणजे त्याची मावसबहीण सुगंधा. झालं, वाट लागली.

मुलुंडच्या त्या पार्लर-क्लासचा नियम साधा होता. केस कापायची परीक्षा, डोकं ज्याचं त्याने आणायचं, आणि तेही बाईचं. बारा मुलींत हा एकटाच बाप्या. अनोळखी बाई त्याच्या हाती डोकं देते कशाला? पास झाला तर खालच्याच पार्लरमध्ये एक तारखेपासून नोकरी. नापास झाला, तर बाकावर बसलेल्या आठ वर्षांच्या लेकीचा, निधीचा हात धरून खोली सोडायची. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. बिनआईच्या पोरीकडे बघून घरमालकीण मालनकाकींनी एवढे दिवस कळ काढली, आता मात्र त्यांनी आजची संध्याकाळ शेवटची म्हणून सांगितलं होतं.

आणि दारात खुद्द मालनकाकीच. बापलेकीच्या मागोमाग पाळत ठेवतच आल्या होत्या. क्लासबिस सगळी थाप, हा कुठेतरी पत्ते कुटत असणार, याची त्यांना पक्की खात्री.

"जयवंत, ह्याच ना तुझ्या मॉडेल? किती उशीर, काकू. बसा बघू." परीक्षा घेणाऱ्या अबोली मॅडमनी काकींना खुर्चीत बसवून गळ्याभोवती कापड बांधलंसुद्धा.

"अहो, मी भाड्याचं विचारायला..."

"नंतर बोला. मान सरळ."

आरशात काकींची आणि जयवंतची नजरानजर झाली. त्याने नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती तरी निभावलं असतं, पण ते काही त्याला जमेना.

"मॅडम, ह्या माझ्या घरमालकीण आहेत. माझं मॉडेल नाही आलं." मग खालच्या आवाजात, "उठा काकी. खोलीचं मी संध्याकाळी बघतो."

काकी उठल्या नाहीत. आरशातून त्या मागच्या बाकावरच्या निधीकडे बघत होत्या.

"काय गं, ही सागरवेणी तुला रोज कोण घालतं?"

"बाबा."

"हा?" काकींनी मान वळवून त्याला नीट न्याहाळलं. "अरे, अख्खी चाळ म्हणते, सकाळी तुझ्याकडे कुणी बाई येते वेणी घालायला. मीसुद्धा म्हणते."

मुली फिदीफिदी हसल्या. जयवंत कानापर्यंत लाल झाला.

"बाई कसली, काकी. मीच."

काकींनी अंबाड्यातले आकडे एकेक करून काढले. मेंदीने तांबूस झालेले केस पाठीवर सुटले, खाली पार झिरझिरीत.

"काकी, श्रावण आहे."

"मला शिकवू नकोस. देवाचं माझं मी बघते. तू काप. आणि वाकडं कापलंस तर संध्याकाळची वाट नाही बघणार."

मग पाणी, फणी, चिमटे, कात्री, सगळं आपसूक होत गेलं. भाडं आठवलं नाही, नोकरी आठवली नाही. खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी तो सुखात होता.

अबोली मॅडमनी दोन्ही बाजू फणीने ताणून मापल्या, मागून वाकून पाहिलं. "एक तारखेला दहाला ये. वेळेवर." निधी बाकावरून धावत आली आणि बापाच्या कमरेला बिलगली. त्याने तिला उचललं, तेव्हा दोघांच्या कपड्यांवर काकींचे केस चिकटले होते.

काकी मात्र आरशासमोरून हलायला तयार नाहीत. मान डावीकडे, मान उजवीकडे. उघड्या मानेवर पंख्याचा वारा लागत होता आणि त्यांना हसू काही आवरत नव्हतं.

"हे असं किती दिवस राहतं रे?"

"दीड महिना. मग पुन्हा कापावं लागतं."

"मग दीड महिन्याने मी काय तुला गावभर शोधत फिरू?" काकी म्हणाल्या. "मुकाट्याने आहेस तिथेच राहा."