खंडेनवमी, दाराबाहेर

झेंडूचं ताट, धुपाटणं आणि नारळ घेऊन डॉक्टर मिरीकर ऑपरेशन थिएटरपाशी आले, तर सावळे सिस्टर दार अडवून उभ्या!

"सर, खंडेनवमीची पूजा यंदा बाहेर. उद्या आत शेवंताआजींचा गुडघा बदलायचाय."

"वीस वर्षं आतच करतोय मी!"

"आणि गेल्या दसऱ्यानंतर दोघांच्या टाक्यांत पू झाला. महिनाभर ड्रेसिंग मी केलंय."

डॉक्टर वरमले. "मग दार तरी उघडा. हत्यारांना लांबूनच ओवाळतो."

सिस्टरांची पाठ दारावरून हलली नाही. "देवाला बंद दारातूनही दिसतं, सर. उघडं दार जंतूंना लागतं."

डॉक्टरांनी बंद दारालाच ओवाळलं, अंगणात नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा सिस्टरांपुढे धरला.

"हात धुतलेत ना, सर?"