हाताची सवय

समुपदेशक बाईंनाही लेकीसारखंच ऐकू येत नाही, हे कळताच आई बाकावरून उठली. “त्या तिच्यासारख्याच आहेत, म्हणून तर मुद्दाम जोडी जमवली,” कर्णबधिर मुलांच्या केंद्रातली मदतनीस सहज म्हणाली. “अहो, पण मग पोरीला बोलायला कोण शिकवणार?” घरी आईने चार वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा दिला होता. लेकीने खुणा केल्या की तिचे हात मांडीवर दाबून धरायचे आणि ‘तोंडाने सांग’ म्हणायचं. हल्ली लेक काहीच सांगत नव्हती. आईने दाराच्या काचेला नाक लावलं. आत लेकीचे हात थांबायचं नाव घेत नव्हते. बाई डोळे पुसत होत्या. हसताहेत की रडताहेत, कळेना. एवढं काय सांगतेय ही? आईला राहवेना, ती दार ढकलून आत शिरली. लेकीने तिला पाहिलं आणि दोन्ही हात स्वतःच मांड्यांखाली दाबून घेतले.