कागदाचं ताट

दामिनीनं आजीसमोर स्टीलचं ताट मांडलं, स्वतःसमोर मांडलं, आणि अमरकाकासमोर कुणाच्या तरी लग्नातून उरलेली कागदाची प्लेट ठेवली.

"धुवायची कटकट नको म्हणून," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

एचआयव्ही निघाल्यापासून अमर दूर मंचेरियललाच राहायचा. एकदा येऊन गेला; त्यानंतर किती दिवाळ्या आल्या-गेल्या, आईच्या दारात आला नव्हता. आज आला तो पुतणीच्या चित्राला कॉलेजात पहिला नंबर मिळाला म्हणून. चित्र समोरच्या भिंतीवर होतं. एका ताटात जेवणारी माणसं, वर लाल फीत, खाली तिच्या कॉलेजच्या भाषेत, तेलुगूत, अक्षरं. मघाशी त्यानंच ती आईला वाचून दाखवली होती : सोबत जेवल्यानं एड्स होत नाही.

मथुराबाईनं लेकाला भाकर वाढली. त्याच्या बोटांना आपला हात लागावा म्हणून मुद्दाम हळू वाढली. त्यानं प्लेट पुढं सरकवली आणि हात मागे घेतला. पोटचं पोर सोयऱ्यासारखं बसलं होतं, अंग चोरून, "पुरे, पुरे" म्हणत. भाजीबाजारात जिच्या तोंडाला कोणी लागत नसे, ती टोपल्यातल्या भाकरी उगाच खालीवर करत राहिली. सोयऱ्याला आग्रह तरी करता येतो.

वरणानं कागद खालून भिजला. अमरनं प्लेट अलगद तळहातावर उचलून धरली.

तेव्हा मात्र बुढी भडकली. "काऊन व दामिने? चित्रातल्या लोकायले ताट भेटलं, अन् माह्या पोराले नाही भेटलं?"

दामिनीचा चेहरा उतरला. "ते कॉलेजात शिकवलं, आजी." मग खाली पाहत म्हणाली, "घरचं तं मी तुह्यापासूनच शिकली. काका मागं आले तवा त्यायची ताटली तूच अंगणात येगळी घासून ठेवली होती."

"जाऊ दे व माय," अमर घाईनं म्हणाला. "मले चालते. सवय हाय."

मथुराबाई उठली. गुडघे कुरकुरले, त्यांनाही एक शिवी मिळाली. तिनं फळीवरची पितळी परात काढली, भाकरी त्यात कुस्करल्या, वरण ओतलं आणि लेकासमोर फतकल मारून बसली.

"जेव."

अमर जेवू लागला. पण आपल्याच काठाकाठानं. मधला कुस्करा तसाच सोडून. आईचा हात परातीत आला की त्याचा हात थांबायचा.

"आजी, मी बी बसू?" दामिनीनं विचारलं.

"पयले हात धुऊन ये. कोठून कोठून हिंडून आली."

दामिनी नळावर गेली. मथुराबाई पुढं वाकली. मधला कुस्करा ओलांडून तिनं लेकाच्या पुढ्यातला, त्याची बोटं उमटलेला घास उचलला आणि तोंडात टाकला. अमर तिच्या तोंडाकडं पाहतच राहिला.

"पाहून काय राह्यला? इकडं सरक," ती म्हणाली. "माहा हात आता तेवढ्या दूर नाही पुरत."