हजेरीची अट

शिलाईच्या शेडमधल्या अहल्याच्या पत्राला श्रीपादरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र होळीच्या आधी आलेलं; आता गणपतीसुद्धा उठले होते. पत्रात एकच प्रश्न होता. ‘अण्णा, आम्ही आत असताना शेडला बाहेरून कुलूप लावतात. तुमच्या अटीत तसं लिहिलंय म्हणतात. खरंच लिहिलंय का?’

आज अचानक तपासणीला म्हणून ते त्याच कुलपासमोर उभे होते, देवास गेटमागच्या गल्लीत. आतून शिलाई मशिनांची घरघर येत होती. काहीतरी करपल्याचा वासही येत होता.

ठेकेदाराचा मॅनेजर विक्रांत किल्ली शोधत होता. या खिशात नव्हती, त्या खिशातही नव्हती. “अभी मिल जाएगी, अण्णा,” म्हणत तो स्कूटरची डिकी धुंडाळायला गेला. वास येतच होता.

श्रीपादराव कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर एका रुग्णालयाच्या ट्रस्टने त्यांना खरेदी समितीवर घेतलं. तिथे ते बोलत नसत. एकदाच बोलले. रुग्णालयाला चादरी आणि गाऊन लागतातच, तर वस्तीतल्या एकट्या बायकांना काम देणाऱ्या ठेकेदाराकडूनच ते घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बायकांची नावं नुसती कागदावर राहतील, ही त्यांना भीती. म्हणून घरी चार पुस्तकं चाळून त्यांनी एक अट जोडली: अचानक तपासणीत सगळ्या बायका जागेवर दिसल्या, तरच ठेकेदाराचं बिल निघेल. जन्मात त्यांचं एवढं एकच वाक्य छापलं गेलं होतं. अहल्याचं पत्र आल्यापासून त्यांनी ते कितीदा तरी वाचलं. त्यात कुलूप नव्हतं. तरी ‘नाही’ म्हणून कळवायला हात धजत नव्हता.

किल्ली डिकीच्या तळाशी सापडली. दार उघडलं तशी गरम हवा अंगावर आली. खिडक्यांना लोखंडी जाळ्या. मधोमध चिंध्यांचा ढीग, त्याला लागूनच इस्त्रीचं टेबल. इस्त्रीची वायर काळ्या पट्टीने गुंडाळलेली होती आणि पट्टीही वितळली होती. एकाही बाईने मान वर केली नाही.

“गिन लो, अण्णा. एकपण कमी नाही,” विक्रांत म्हणाला. आधी कुणाचं पोर आजारी, कुणाला रेशनची लाइन. बायका मधूनच उठून जायच्या. आता ती झंझटच मिटली, असं तो खुशीत सांगत होता. मग हसला. “आयडिया तर तुमचीच.”

अहल्या इस्त्रीपाशी होती. तिच्या हाताला कोपरापर्यंत चादरीची पट्टी बांधलेली. श्रीपादरावांनी हळूच विचारलं. परवा वायर पेटली, ती म्हणाली. पिण्याच्या पाण्याची कळशी ओतली म्हणून विझली. सगळ्यांनी दार बडवलं. विक्रांतभैया किल्ली घेऊन फ्रीगंजच्या बाजारात गेले होते.

श्रीपादरावांनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. खरं लिहिलं तर बिल अडणार आणि पगार या बायकांचा अडणार. शिवाय आपली समजूतच चुकत असली तर? अट घालताना तरी ती कुठे बरोबर होती? त्यांनी हे सगळं अडखळत तिला सांगितलं.

अहल्याने इस्त्री उभी केली. “पगाराचं आम्ही बघू, अण्णा. पण तुम्ही बाहेर पडलात की दार लागणार. काय लिहायचं ते आत असतानाच लिहा.”

त्यांनी लिहिलं. घाईने सही करून ते दाराशी आले. कडीला लटकणारं कुलूप त्यांनी काढलं आणि किल्लीसकट पिशवीत टाकलं.

“अण्णा, ताला?”

“कागदासोबत जोडावं लागतं,” ते पुटपुटले. असा कुठलाही नियम नव्हता.

पोस्टात त्यांनी दोन पाकिटं घेतली. एक ट्रस्टला. दुसऱ्यावर अहल्याचं नाव घातलं आणि ते बराच वेळ कोरा कागद पुढे घेऊन बसून राहिले. पत्र काही जमेना. शेवटी तपासणीच्या कागदाची नुसती झेरॉक्स आत घातली, दोन्ही पाकिटं चिकटवली आणि पेटीत टाकली.

झेरॉक्सवर त्यांच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या.

हजर: एकही नाही.

कोंडलेल्या: सगळ्या.