सनदेवरचं नाव

"घरातल्या कर्त्याचं नाव?" रशियन कारकुनाने विचारलं.

तंबूत सून एकटीच होती. कझाख सून सासऱ्याचं नाव उच्चारत नाही, आणि तिच्या सासऱ्यांचं नाव होतं अरिस्तान, म्हणजे सिंह. तिने चुलीजवळ झोपलेल्या मांजराकडे बोट दाखवलं. "असंच, पण पुष्कळ मोठं."

"मांजर," तातार दुभाष्या म्हणाला. कारकुनाने तसंच लिहून घेतलं.

वसंतात झारची सनद आली. चंगीझखानाचे वंशज सुलतान मांजर यांचं उमरावपद आणि नदीकाठचं कुरण कायम.

"नाव दुरुस्त करायला दोन वर्षं लागतात," दुभाष्याने सासऱ्यांना सांगितलं. "तोवर कुरण सरकारजमा."

सासऱ्यांनी नदीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या चारशे घोड्या चरत होत्या.

"लोक हसतील, सुलतान," दुभाष्या हसू दाबत म्हणाला.

"हसू देत. घोड्या हसत नाहीत." त्यांनी पोचपावतीवर आपली मोहोर उठवली.

पंचाईत झाली सुनेची. आता दोन्ही शब्द सासऱ्यांचं नाव झाले होते. संध्याकाळी तिने वाटीत दूध ओतलं, चुलीजवळ ठेवलं आणि खाली मान घालून हाक मारली,

"धाकटे मामंजी, या."