चकचकीत ठोकळा

"एक्क्याऐंशी." टेस्टिंगवाल्यानं काटा वाचला आणि मान खाली घातली.

यंत्रातलं तापलेलं तेल थंड होऊन साठ अंशांवर यायला हवं होतं. पहिला ठोकळा लावला तेव्हा ते अडुसष्टवर थांबलं, दुसऱ्याला चौऱ्याहत्तरवर. आज तिसरा. डिझाइन तेच, पंखा तोच, तरी निकाल दर वेळी आणखी वाईट.

"शेवटचा एक ठोकळा उरलाय ना?" मोठे साहेब डिझाइन करणाऱ्या मुलीला हळू आवाजात म्हणाले. "दुपारी लावून बघ. नाही जमलं तर सोमवारपासून आपल्या जुन्या पत्र्याच्या पट्ट्याच बऱ्या."

या एका कल्पनेला तिनं दोन वर्षं दिली होती. ॲल्युमिनियमचा ठोकळा, पण आतून स्पंजासारखा भोकाभोकांचा. त्यातून गरम तेलाच्या नळ्या जातात. पंख्याची हवा पट्ट्यांमधून सरळ निसटते. या ठोकळ्यात मात्र हवेला हजार वळणं घ्यावी लागतात, आणि प्रत्येक वळणावर ती थोडी उष्णता उचलते. निदान उचलायला हवी होती.

सगळे चहाला गेल्यावर तिनं टेस्टिंगची पेटी उघडली, नळ्या सोडवल्या आणि ठोकळा बाहेर काढला. जोडणी झाल्यावर तो पहिल्यांदाच तिच्या हातात येत होता. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिनं तोंड लावून फुंकर मारली. फुंकर तिच्याच डोळ्यांत परत आली.

ठोकळा काखोटीला मारून ती पॉलिशच्या बाकाकडे धावली. या बाकावरून गेल्याशिवाय कारखान्यातला एकही भाग जोडणीला जात नसे. चौतीस वर्षं तिथे तिचे वडील बसत आले होते. सगळे त्यांना 'आरसेवाले काका' म्हणत. चौथा ठोकळा त्यांच्या हातात होता, चाक सुरू व्हायचं होतं.

"बाबा, थांबा! घासू नका!"

"अगं, असा ओबडधोबड जाऊ देऊ? माझ्या लेकीचं काम आहे ते."

ती रागावली नाही. तिनं तो खरखरीत ठोकळा त्यांच्या तोंडासमोर धरला. "फुंका." काकांनी फुंकलं. पलीकडे तिच्या कपाळावरची बट उडाली. मग तिनं चकचकीत ठोकळा धरला. "आता हा." काका गाल फुगवून फुंकत राहिले. बट जागची हलली नाही.

मऊ धातू घासला की पसरतो आणि भोकांची तोंडं लिंपून टाकतो. हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी चाकाचं बटण बंद केलं.

दुपारी चौथा ठोकळा तसाच, खरखरीत बसवला. काटा उतरत उतरत अठ्ठावन्नवर थांबला.

"शाबास गं!" साहेब म्हणाले. "पण एक कोडं सुटेना. पहिल्यापेक्षा दुसरा वाईट, दुसऱ्यापेक्षा तिसरा, असं का?"

"ड्रॉइंगवर 'घासू नये' लिहायचं राहिलं," ती घाईघाईनं म्हणाली. "चूक माझी."

"तिची कसली चूक, साहेब?" दारातून काका म्हणाले. "पहिला नापास झाला तेव्हा पोर तोंड पाडून घरी आली, जेवलीसुद्धा नाही. मला वाटलं, माझाच हात कमी पडला. म्हणून दुसरा जास्त घासला. आणि तिसऱ्यासाठी तर मी सुट्टीच्या दिवशीही आलो होतो."