मांगरातली कुरकुर

"हळू दाब गो, बरगडी मोडतली माझी."

आमच्या ह्यांची कुरकुर मला नवी नव्हती. नवीन एवढंच होतं, की मनगट धरून बसलेल्या नर्सबाईंना नाडी लागत नव्हती आणि ह्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आंब्याच्या पेट्या भरता भरता हे बागेतल्या खोपटात, मांगरातच कोसळले. डॉक्टर ओरोसला मीटिंगला गेलेले. मी लगेच छाती दाबायला बसले. नर्सबाईंनीच ते महिला मंडळात उशीवर शिकवलं होतं. वेळ न घालवता दाबलं आणि डोळ्यांच्या बाहुल्या उजेडात आकसल्या, तर आशा धरायची, म्हणाल्या होत्या. ह्यांच्या बाहुल्या आकसत होत्या. बोलणाऱ्यांबद्दल मात्र बाई काहीच बोलल्या नव्हत्या.

"गवत टोचता पाठीक."

माझे दीर परशुराम मुकाट्याने वाकले आणि ह्यांच्या पाठीखालचं पेटीतलं गवत काढू लागले. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं.

नर्सबाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडे न बघता नळी पिशवीत ठेवली.

"बाई, काय वाटतं?"

"दाबत राहा," त्या म्हणाल्या, पण स्वतः दारापर्यंत मागे सरकल्या.

"वैनी, दमलास. मी दाबतंय," भावजी म्हणाले.

"नको. बोलतत ना अजून? मगे परत येतले." मी कोपर ताठ केले आणि आणखी जोर लावला.

तेव्हा हे अगदी मायेने म्हणाले, "पुरे गो, सत्या. हात दुखतले तुझे. पडतानाच गेलंय मी."